बर्फातलं खळं

महिपत उतेकर सुट्टीवर आला की वाडीतल्या म्हाताऱ्यांना विमानातलं कळायला लागायचं. एरवी ज्यांना महाडची एसटी वरंधला कधी येते हे धड सांगता यायचं नाही, ते हैबतीच्या ओटीवर बसून रशियाचं विमान घ्यावं की अमेरिकेचं, याचा निकाल लावायचे. सरकार दिल्लीत उगीच डोकं खाजवत बसलं होतं. वरंधच्या खालच्या वाडीला विचारलं असतं तर तंबाखूच्या एका चिमटीत काम उरकलं असतं.

त्रेसष्ट सालचा वैशाख होता. चीनची लढाई संपून हिवाळा गेला, शिमगा गेला, पण बोलणं काही संपत नव्हतं. महाडचा हारून लाकडं भरायला ट्रक घेऊन यायचा, तो येताना मुंबईचा शिळा पेपर टाकून जायचा. रावजी पाटील चष्मा लावून तो मोठ्यानं वाचायचा आणि वाचता वाचता पेपरात नसलेलंही चार ओळी पुढे ढकलायचा.

"अमेरिकेचंच घ्यावं," हैबती म्हणायचा. हैबती म्हणजे महिपतचा बाप, मराठा पलटणीतून हवालदार होऊन आलेला. "बर्म्यात आमाला त्येनीच वरनं डबे टाकले. मटण, बिस्किटं, सिगरेटी. मी सोता खाल्लंय. त्येच्या विमानाला नावं ठेवायची नाय."

"अरे हैबती, तो दूध देतो, म्हस देत नाय," रावजी म्हणायचा. "रशियावाला म्हस देतो नि वर गोठा बांधून देतो. हितंच कारखाना काढायचा म्हनतात. पेपरात लिवलंय."

"म्हस आटली मंग?"

"नि असलेली विमानं तरी कुटं सोडली आपल्या लोकांनी? चिनी डोंगर उतरून येतोय नि हे मैदानात झाकून ठेवतात! भ्याले." एवढं बोलून रावजीला दारात उभा असलेला महिपत दिसायचा आणि मग तो आवाज मऊ करायचा. "तुजी गोष्ट नाय रे. लढाईच्या विमानांची सांगतोय. तू काय, मालगाडीवाला."

महिपतला राग येत नसे. मालगाडीवाला हे खरंच होतं. फ्लाइट लेफ्टनंट असला, वर्दीवर पंख असले, तरी तो चालवायचा ते जुनं डाकोटा, आणि त्यातून डोंगरावरच्या फौजेला टाकायचा तांदूळ, पीठ, रॉकेल आणि लोकरीचे मोजे. "दोनी विमानं चांगली हायत," असं म्हणून तो आत जाई आणि भिंतीला पाठ टेकून बसे. हेच सगळं त्यानं आसामात मेसमध्ये ऐकलं होतं. तिथं इंग्रजीत आणि रमबरोबर, इथं मराठीत आणि तंबाखूबरोबर, एवढाच काय तो फरक. माणूस झोपेअभावी थकतो तेव्हा झोपला की बरा होतो. महिपतचं तसं नव्हतं. तो झोपून उठायचा तो दमलेलाच उठायचा, आणि त्याची आई म्हणायची, पोराला तिकडचं पाणी बाधलं.

घरात त्यानं लांबलचक रजा मिळाली म्हणून सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी होती की चौकशी बसेपर्यंत त्याला घरी जाऊन राहायला सांगितलं होतं.

ओहोळापलीकडे साळूबाई सकपाळ राहायची. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा चांगू पलटणीत. लढाईनंतर तिच्याकडे तार आली, तीत तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. मेला म्हटलं असतं तर वाडी रडली असती, जिवंत म्हटलं असतं तर नारळ फोडले असते. बेपत्ता म्हटल्यावर लोकांना काय करावं ते कळेना, आणि ज्याचं काय करावं ते कळत नाही त्याच्याबद्दल लोक बोलायला लागतात. पोलादपूरकडचा कुणी जवान परत आला होता, त्यानं म्हणे सांगितलं की त्या डोंगरातून पुष्कळ जण बंदुका टाकून पळाले. झालं. जिभेला हाड नसतंच. होळीच्या दिवसांत देवाची काठी पहिली नाचायची ती सकपाळांच्या दारात, असा त्या घराचा मान. या वर्षी साळूबाईच्या दाराशी काठी आलीच नाही. पळालेल्याच्या घरी काठी कशी न्यायची, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही. काठी धरणाऱ्या माझ्या पुतण्याचा पाय मुरगळलाय, पुढच्या वर्षी बघू, असं रावजी म्हणाला. साळूबाई शेणानं सारवलेल्या अंगणात पूजेचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

महिपत आल्यापासून ती रोज कशाच्या ना कशाच्या निमित्तानं ओहोळ ओलांडून यायची. कधी विस्तव मागायला, कधी ताक द्यायला. त्याच्याकडे बघायची. विचारायची काही नाही. वाडीतल्या सगळ्यांप्रमाणे तिचीही खात्री होती की वरून उडणाऱ्याला खालचं सगळं दिसतं. आणि महिपतची पंचाईत ही होती की त्याला खरोखरच दिसलं होतं.

*

अशात एक दिवस भोरकडून घाट उतरून एक जीप वाडीत आली. तिच्यातून मुरारी देवस्थळी उतरला. पुण्याचा, महिपतच्याच तुकडीत शिकून बाहेर पडलेला, पण लढाऊ विमानं चालवणारा. वाडीतली सगळी माणसं जीपभोवती जमली. हैबतीनं त्याला चहा पाजला आणि रावजीनं त्याला तिथल्या तिथं विचारलं, रशिया की अमेरिका. मुरारी हसला आणि म्हणाला, "काका, त्यासाठीच आलोय."

बोलायला दोघं घरामागच्या खळ्यावर गेले. मळणी होऊन महिने लोटले होते. खळ्याचं सारवण उन्हानं तडकलेलं, मधोमध तिवड्याचा खांब रोवायचा खड्डा तेवढा उरलेला. बांधापलीकडे साळूबाई राबासाठी पातेरा गोळा करत होती. वैशाखात या भागात शेतावर पालापाचोळा पसरून जाळतात, मग त्या राखेत भाताचं बी पेरतात. ती वाकलेली होती, म्हणून दोघांपैकी कुणाला दिसली नाही.

"चौकशी पुढच्या महिन्यात," मुरारी म्हणाला. "आरोप सरळ आहे. जमिनीवर ठरलेली खूण नसताना तू माल टाकलास. म्हणजे शत्रूला पोचवलास, असा अर्थ काढायला मोकळीक."

"ठाऊक आहे."

"मग नीट ऐक. विमान जुनं होतं. उंचीवर त्याची इंजिनं धापा टाकतात. तुला दरीत वळण घेता येईना, उंची राखता येईना, ओझं हलकं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, म्हणून टाकलंस. एवढंच सांग. कोणी तुला हात लावणार नाही. उलट विरोधी बाकावरचे एक खासदार संसदेत प्रश्न लावणार आहेत. वेळेवर चांगली विमानं घेतली नाहीत, आता घेताहेत ती मैत्रीखातर रशियाकडून घेताहेत, वैमानिकांना कुणी विचारत नाही. तुझं उदाहरण त्यांना हवंय."

महिपतनं जमिनीवरची एक ढेप उचलली आणि बोटांनी कुस्करली. "आसामात दुसरे येऊन गेले होते. तुमच्या पलीकडचे, रशियावाले. ते म्हणाले, माझी चूक झाली असं कबूल कर, विमानाला दोष देऊ नकोस. विमानाला दोष दिलास की अमेरिकावाल्यांचं फावेल. त्यांनीही मला सांभाळून घ्यायचं कबूल केलं होतं."

"त्यांचं सोड."

"सोडलंच. पण गंमत बघ मुरारी, दोघांनाही माझं विमान हवंय. मी कुणालाच नकोय."

मुरारी वाईट माणूस नव्हता. त्याच्या स्क्वाड्रनमधला एक कोवळा पोरगा सुटे भाग वेळेवर न मिळालेल्या विमानात जळून मेला होता आणि त्याच्या आईला सांगायला मुरारीच गेला होता. तेव्हापासून त्याला या भांडणात पडल्याशिवाय राहवत नव्हतं. मेसमध्ये एका टेबलावर रशियावाले आणि दुसऱ्यावर अमेरिकावाले बसायला लागले होते. एका ताटात जेवलेली माणसं विमानाच्या शेपटीवरून एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. "माझं म्हणणं खोटं आहे का, ते सांग," तो म्हणाला.

"नाही. विमानं जुनी आहेत, खरंय. माल सोडायच्या छत्र्यांना ठिगळं लावलेली होती, तेही खरंय. पण त्या दिवशी मी माल टाकला तो त्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

महिपतनं खळ्याकडे हात केला. "यामुळे."

मुरारीला काहीच कळलं नाही. पुण्याच्या माणसाला कळायचं कारणही नव्हतं. मग महिपतनं सांगायला घेतलं.

तवांगच्या अलीकडच्या डोंगरात एक ठाणं होतं. ठाण्याशी बोलणं तुटलेलं. नियम असा की त्या दिवसाचं ठरलेलं अक्षर जमिनीवर कापडानं मांडलेलं दिसलं तरच माल टाकायचा, नाहीतर घेऊन परत फिरायचं, कारण ठाणं शत्रूच्या हातात गेलेलं असू शकतं. महिपत ढगातून खाली आला. अक्षर नव्हतं. पातळ बर्फावर आधीच्या खेपांच्या छत्र्यांचं तांबडं कापड फाडून कुणी मोठं वर्तुळ मांडलं होतं. त्याचा जोडीदार म्हणाला, चुकीची खूण, चल परत. महिपत परत फिरलाही. फिरता फिरता त्यानं पुन्हा खाली बघितलं, आणि मग नियमात बसत नाही इतका खाली गेला.

"वर्तुळाच्या मधोमध एक माणूस उभा होता, मुरारी. दोन्ही पाय जुळवून, हात अंगाशी धरून, ताठ. हलत नव्हता. विमान बघून माणूस हात हलवतो, ओरडतो, धावतो. हा खांबासारखा उभा."

"बरं, मग?"

"आमच्याकडे खळं असंच असतं. गोल, मध्ये तिवडा रोवलेला. त्याला बैल बांधून गोल फिरवायचे, भाताची मळणी. आणि रीत अशी की मळणी चाललेली असताना खळ्यावर जो येईल त्याला सूपभर भात घालायचा. कोणी असो. खळ्यावर आलेल्याला रिकामं धाडायचं नाही. लहानपणी आम्ही खळ्याचा खेळ खेळायचो. मी बैल हाकणारा. बाकीची पोरं बैल. आणि चांगू सगळ्यांत लहान, त्याला फिरायला जमायचं नाही, म्हणून त्याला मध्ये उभा करायचो. तिवडा म्हणून. हलायचं नाही अशी तंबी द्यायचो. तो दिवेलागणीपर्यंत हलायचा नाही, वेडा."

मुरारीनं सिगरेट पेटवायला काडी ओढली होती, ती तशीच विझून गेली.

"त्याला ठाऊक होतं त्या बाजूला मी माल टाकतो. अक्षर त्यांच्याकडे पोचलंच नसणार. मग त्यानं मला ओळखता येईल असं काहीतरी मांडलं. दुसऱ्या कुणाला कळलंच नसतं. मी माल टाकला."

"आणि?"

"बरोबर जागी पडला. पण जागा उतरती. पोती टेकली आणि घरंगळली. एकेक करून सगळी दरीत गेली. तो तसाच उभा होता. दुसरी फेरी मारायला माल उरला नव्हता."

पलीकडच्या बांधावर पाला करकरला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

"हे तू चौकशीत सांगणार?" मुरारी शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "समोर मोठे अधिकारी, एक पंजाबचा, एक मद्रासचा, आणि तू त्यांना भाताची मळणी समजावणार?"

महिपत हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदाच हसला. "तोच विचार करतोय."

"पंख जातील तुझे. नियम मोडल्याचं आपल्या तोंडानं कबूल करणं आहे हे. विमानावर ढकललंस तर सुटशील."

"सुटेन. पण मग त्या ठाण्यावर कोण उभं होतं, हे कुणी विचारणारच नाही. तुम्ही लोक विमानांवरून भांडाल आणि चांगू बेपत्ताच राहील. पळाला म्हणतात त्याला इथे."

मुरारी उठला, पॅन्ट झटकली. "मी महाडला डाक बंगल्यात मुक्काम करतो. पाचाडला जाऊन रायगड बघायचाय. उद्या परतताना येईन. विचार कर. उडण्यावाचून तुला दुसरं काय येतं?"

हा प्रश्न त्यानं मुद्दाम टोचायला विचारला नव्हता, पण टोचला. महिपतला खरंच दुसरं काही येत नव्हतं. शेती भावांनी वाटून घेतली होती. वर गेल्यावर, पंखांखाली ढग आले की, त्याला आपण कुणाचे कोण हे आठवायचं नाही, आणि सगळ्या आयुष्यात तेवढंच एक सुख त्याला मनापासून आवडायचं. ते आपल्या हातानं सोडून द्यायचं म्हणजे कठीणच.

*

जीपचा आवाज घाटाखालच्या वळणावर विरला आणि साळूबाई बांधावरून उतरून खळ्यात आली. हातात पातेऱ्याचा भारा नव्हता. पदर तोंडावर धरलेला होता.

"तिवडा कोन व्हता?" तिनं विचारलं.

महिपतला वाटलं आपण जमिनीत जावं. "काकी, तू कधीची हायस हितं?"

"तिवडा कोन व्हता, महिपत?"

"चांगू."

"तोंड बगितलंस?"

"तोंड नाय दिसलं. पन उभा ऱ्हायलेला बगितला. दुसरा कोन असा उभा ऱ्हानार, सांग."

ती तडकलेल्या सारवणावर बसली. मग तिनं विचारलं, "पोचलं का रे त्येच्यापरेंत? एकादं पोतं?"

एक शब्द बोलला असता तर या म्हातारीच्या जिवाला थंडावा मिळाला असता. पोचलं म्हणायचं, आणि काय. दिल्लीहून कुणी तपासायला येणार नव्हतं. महिपतनं तो शब्द तोंडात आणलासुद्धा. पण गेले महिने प्रत्येक जण त्याच्याकडून सोयीचा शब्द मागत होता, आणि त्याला सोयीच्या शब्दांचा वीट आला होता. चांगूच्या आईला तरी तो द्यायचा नव्हता.

"नाय, काकी. समदं दरीत गेलं."

"दुसऱ्या दिशी?"

"गेलो. खळं नव्हतं. कापड इकडंतिकडं उडालेलं. मानूस नव्हता."

साळूबाईनं मान हलवली. तिवड्याच्या खड्ड्यात वाळकी पानं साचली होती, ती तिनं एकेक करून बाहेर काढली.

"म्हंजे पलाला नाय," ती म्हणाली.

"नाय."

"उभा व्हता."

"उभा व्हता, काकी. हलला नाय."

मग ती गेली, बांधापलीकडचा भारा ओढत घेऊन आली आणि म्हणाली, "डोईवर दे." महिपतनं भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. ओझ्याखालून तिनं विचारलं, "हे लोकांफुडं बोलशील?"

तिला लोक म्हणजे रावजी, हैबती आणि गावकीची बैठक एवढंच ठाऊक होतं. लोक म्हणजे आणखी कोण कोण, आणि तिथं बोललं की काय जातं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि महिपतनंही सांगितलं नाही.

"बोलीन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुरारी आला तेव्हा महिपत रस्त्यावरच उभा होता. त्याचा चेहरा बघूनच मुरारीला उत्तर कळलं. "मूर्ख आहेस," तो म्हणाला. मग खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून त्यानं महिपतच्या हातात दिलं. "आमचे म्हणतील तू पलीकडच्यांना सामील झालास. पलीकडचे म्हणतील आम्हाला."

"मी वरंधला सामील झालो म्हणून सांग."

मुरारी हसत हसत जीपमध्ये बसला, पण त्याला आतून हसू आलं नव्हतं.

*

चौकशीत महिपतनं तेच सांगितलं. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, कसलं वर्तुळ? त्यानं पेन्सिलीनं काढून दाखवलं. एकानं मान खाली घातली, एकाला हसू आवरलं नाही, आणि तिसऱ्यानं, त्याच्या बापाची म्हणे कुठे तरी शेती होती, विचारलं की मधला खांब किती उंच असतो. माणसाएवढा, महिपत म्हणाला. पण नियम तो नियम. हुकूम नसताना माल टाकला हे सिद्ध झालं आणि महिपतला उड्डाणावरून उतरवलं. त्याला एका भांडारात पाठवलं, तिथं तो छत्र्यांच्या घड्या आणि शिवणी तपासत बसायचा. विमानं डोक्यावरून जायची. सुरुवातीला तो वर बघायचा, पुढे पुढे बघेनासा झाला.

खासदारांनी संसदेत प्रश्न विचारला, पण दुसऱ्याच कुणाचं उदाहरण घेऊन. रशियाची नवी विमानं आली. रावजीनं हैबतीच्या ओटीवर येऊन आपणच ती निवडल्यासारखा विजय साजरा केला, आणि हैबती म्हणाला, आदी उडूंदेत तर खरी. वाडीतलं भांडण पुढे चालू राहिलं.

आणि भाद्रपदात साळूबाईकडे सरकारी पत्र आलं. अमुक ठाण्यावर, अमुक दिवसापर्यंत चांगू सकपाळ जागेवर होता, लढताना कामी आला असं मानण्यात येत आहे. रावजीनं ते वाचलं, पण यावेळी त्यानं पदरचं काही घातलं नाही. पुढच्या शिमग्याला काठी पहिली सकपाळांच्या दारात येईल, असं गावकीनं ठरवलं. साळूबाईनं ऐकून घेतलं आणि ती आपल्या कामाला गेली. तिला काठीपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीची घाई होती.

मरणाची तिथी कुणालाच ठाऊक नव्हती. ज्या दिवशी महिपतनं खळं बघितलं, तीच तिथी धरायचं तिनं ठरवलं. कार्तिकाच्या अखेरीस ती येत होती. भात कापून झाला होता, वाडीत सगळ्यांची मळणी उरकत आली होती, पण साळूबाईनं आपला भात उडवीत रचूनच ठेवला होता. महिपत येईपर्यंत खळ्यात बैल घालायचा नाही, असं तिनं दिराला बजावलं होतं.

महिपत एसटीनं उतरला तो अंगावर साधा सदरा, छातीवर पंख नसलेला. कुणी काही विचारलं नाही. कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. हारूननं महाडात कुठून तरी ऐकलं होतं आणि वाडीला सांगितलं होतं, आणि यावेळी वाडी जीभ आवरून होती, हे तिच्या लौकिकाला साजेसं नव्हतं, पण खरं होतं.

साळूबाईच्या खळ्याला ओलं सारवण होतं. मधोमध नवा तिवडा रोवला होता, ऐनाच्या लाकडाचा, माणसाएवढा. त्याच्या पायाशी केळीचं पान मांडलं होतं, बाजूला पाण्याचा तांब्या. वाडीतली माणसं कडेनं उभी होती. गुरव सोवळं नेसून तयार होता. साळूबाईनं वाफाळत्या भाताचं पातेलं आणलं, गुरवाला ओलांडून पुढे आली आणि महिपतच्या हातात दिलं.

"तू वाढ."

"काकी, गुरव हाय ना."

"त्येला ठावं नाय कुटं ठेवायचं. तुला ठावं हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्या दिशी घरंगळलं. आज हळू ठेव."

महिपतनं पातेलं धरलं. उंचावरून, वाऱ्याशी झगडत, घड्याळाकडे बघत त्यानं आयुष्यभर माल टाकला होता. तो तिवड्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि मुठीनं भात घेऊन पानाच्या मधोमध ठेवला. आणखी एक मूठ घेतली. मग दोन्ही तळव्यांनी कडा हलकेच दाबत राहिला, लहान मुलाला भरवायचा घास कुणी जपून दाबतो तसा. गरम भातानं हात भाजत होते, तरी तो उठला नाही. एक शीतही पानाबाहेर गेलं नाही.